धमनी रुंदावणे आणि धमनी ताठरणे

पुण्यातील तळजाई किंवा वेताळ टेकडीवर सकाळी चालायला येणाऱ्या स्थूल व्यक्तींना ‘चालण्याने रक्तवाहिन्या लवचिक होतात’ असे हमखास सांगितले जाते. या ‘लवचिक’ शब्दात दोन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत आणि त्या वेगळ्या न केल्याने अनेकांची विनाकारण निराशा होते, असे मला वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे गरज पडताच रुंदावण्याची धमनीची क्षमता. धमनीच्या आतल्या बाजूस पेशींचा एकच थर असतो. रक्ताचा प्रवाह वाढला की त्याच्या घर्षणामुळे या पेशी नायट्रिक ऑक्साइड तयार करतात, त्याने भिंतीतला स्नायू सैलावतो आणि धमनी रुंदावते. या रेणूचे हे कार्य उलगडणाऱ्या तीन शास्त्रज्ञांना १९९८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. स्थूलतेत, विशेषतः पोटात चरबी साठलेली असताना, शरीरात सौम्य दाह सतत चालू राहतो, इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि या पेशी पुरेसा नायट्रिक ऑक्साइड बनवेनाशा होतात. भरभर चालताना मात्र प्रवाह अर्धा-पाऊण तास वाढलेला राहतो आणि रोजच्या या घर्षणाने नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर (एन्झाइम) वाढते. म्हणूनच वजन फारसे न उतरताही काही आठवड्यांत ही क्षमता सुधारू शकते. ती मोजताना हाताला बांधलेला पट्टा पाच मिनिटे आवळून सोडतात आणि दंडातील धमनी किती टक्के रुंदावली हे सोनोग्राफीने पाहतात.

दुसरी गोष्ट भिंतीचा ताठरपणा. वयाने आणि उच्च रक्तदाबाने मोठ्या धमन्यांतील इलास्टिन या लवचिक प्रथिनाचे तंतू झिजतात, कोलॅजेन हे ताठ प्रथिन वाढते आणि हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी धमन्यांतून जाणारी नाडीची लाट अधिक वेगाने धावू लागते. मानेपासून जांघेपर्यंत हा वेग सेकंदाला १० मीटरहून अधिक भरला, तर तो चिंतेचा मानतात. हा भिंतीच्या घडणीचा प्रश्न असल्याने, वजन तसेच राहिले तर नुसत्या चालण्याने स्थूल व्यक्तीत तो हटकून सुधारतो असे म्हणता येत नाही; वजन उतरवणे आणि रक्तदाब आटोक्यात ठेवणे यांची जोड लागते.

वजनकाट्यावर यांपैकी एकही गोष्ट दिसत नाही. बोलता येईल पण गाता येणार नाही अशा गतीने आठवड्याला किमान १५० मिनिटे चालणाऱ्याने काटा हलला नाही म्हणून टेकडी सोडू नये, कारण चालणे थांबवल्यावर रुंदावण्याची कमावलेली क्षमता काही आठवड्यांतच ओसरू लागते.