वनउतार सायकलिंग (नाशिक परिसर)

जंगलातील अरुंद, उतरत्या पायवाटांवरून डोंगरी सायकलने खाली येण्याचा क्रीडाप्रकार. सायकलस्वारांत तो ‘डाउनहिल’ या नावाने परिचित आहे. एकमेकींना फाटे फुटून जोडल्या गेलेल्या अशा वाटांच्या समूहाला ट्रेलचे जाळे म्हणतात.

उगमाबद्दल मतभेद आहेत. १८९७ मध्ये अमेरिकी लष्कराच्या २५ व्या पायदळ पलटणीतील कृष्णवर्णीय सैनिकांनी माँटानातील मिझुलाहून सेंट लुइसपर्यंत सुमारे ३,००० किमी. सायकली नेल्या. काही लेखक तेथून आरंभ धरतात. परंतु तो लष्करी दळणवळणाचा प्रयोग होता, उतारावरचा खेळ नव्हे. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या उपनगरांतील काही तरुण फेरफार केलेल्या सायकली रानातून हाकत. साधारण त्याच काळात, बहुधा १९५३ च्या सुमारास, अमेरिकेत जॉन फिन्ली स्कॉट यांनी जाड टायर, सरळ हँडल आणि गिअर असलेली सायकल जुळवली. या दोन्ही प्रयत्नांना त्या काळी अनुयायी मिळाले नाहीत. म्हणून बहुतेक अभ्यासक सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेकडील मरिन काउंटीला अग्रमान देतात. तेथे फेअरफॅक्स गावाजवळच्या मातीच्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी ‘रिपॅक’ शर्यत प्रथम झाली. सुमारे ३ किमी. अंतरात जवळजवळ ४०० मी. खाली उतरताना मागच्या चाकातील कॉस्टर ब्रेकचे (पायटे उलटे दाबून लागणाऱ्या ब्रेकचे) ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे (‘रिपॅक’ करावे) लागे. चार्ली केली यांनी वेळांच्या नोंदी ठेवल्या. त्यांत गॅरी फिशर यांची ४ मिनिटे २२ सेकंद ही वेळ सर्वांत कमी आहे. जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये या उतारांसाठी खास फ्रेम बांधली.

मरिनच्या दाव्यावर एक सबळ आक्षेप आहे. डिसेंबर १९७४ मध्ये मरिनमधील मिल व्हॅली येथील सायक्लोक्रॉस (चिखल-गवतातून, अडथळे ओलांडत होणाऱ्या सायकल शर्यतीच्या) स्पर्धेला सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडील कूपर्टिनोच्या ‘मॉरो डर्ट क्लब’चे स्वार जुन्या जाड टायरच्या सायकलींना डिरेलर (साखळी एका दातेरी चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारे गिअर) बसवून आले होते आणि मरिनच्या मंडळींनी ती जुळणी तेथे पाहिली होती. यंत्रापुरते पाहिले तर कूपर्टिनोचे ऋण मान्य करावे लागते. खेळ म्हणून मात्र मरिनचाच दावा अधिक ग्राह्य वाटतो, कारण उतार, घड्याळ आणि पुन्हा पुन्हा तीच वाट या तिन्ही गोष्टी रिपॅकवर एकत्र आल्या. पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे झाली व तीत डाउनहिलचा समावेश होता. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये डोंगरी सायकलिंगचा क्रॉसकंट्री (चढ-उतारांच्या लांब वाटेवरील शर्यतीचा) प्रकार आला. डाउनहिलला ऑलिंपिकमध्ये अद्याप स्थान नाही.

स्पर्धेच्या सायकलींना पुढे-मागे सुमारे २०० मिमी. हालचालीचे सस्पेन्शन आणि डिस्क ब्रेक असतात. नाशिकच्या बहुतेक वाटांवर फक्त पुढे सस्पेन्शन असलेली हार्डटेल सायकल चालते. वर नेणारी लिफ्ट नसल्याने चढही तिच्यावरच करावा लागतो.

वाट टिकणे हे पाण्याच्या वाटचालीवर ठरते. बांधणीचा प्रचलित दंडक असा, की वाटेचा उतार डोंगरबाजूच्या उताराच्या निम्म्याहून अधिक नसावा आणि सरासरी १० टक्क्यांच्या आसपास राहावा. माथ्यावरून सरळ खाली सोडलेली वाट पाऊस पडला की ओहोळ बनते. म्हणून वाटेचा पृष्ठभाग दरीच्या अंगाला किंचित कलता ठेवतात व ठिकठिकाणी उतार मोडून लहानसा चढ देतात. पाणी तेथे वाट सोडते. स्वाराला त्याच चढावर उसळी मिळते. वळणाच्या बाहेरील कडेला मातीचा कलता बांध म्हणजे बर्म घालतात.

नाशिकभोवतीचे डोंगर दख्खनच्या बेसॉल्टचे आहेत. कठीण थरांचे उभे कडे आणि मऊ, सच्छिद्र थर झिजून झालेल्या सपाट्या एकाआड एक येतात. त्यामुळे माथ्यापासून सलग उतरण क्वचितच मिळते. सायकलयोग्य पट्टा कड्याखालच्या घसाऱ्यापासून गावाच्या शिवारापर्यंतचा असतो आणि तो बहुधा गुराख्यांच्या वाटांचा व वनरस्त्यांचा असतो. अनेक टेकड्यांवर मृद्‌संधारणासाठी सलग समतल चर खोदलेले आहेत. उतरणाऱ्या स्वाराला ते अडथळा वाटतात. प्रत्यक्षात पाण्याला उतारावरून सरळ धावू न देण्याचे तत्त्व चरांचे आणि चांगल्या ट्रेलचे एकच आहे. चर बुजवून सरळ रेषेत वाट काढणे हा डोंगराचा घातच होय. त्यांना समांतर जाऊन सोयीच्या जागी ओलांडणारी वाट अधिक वर्षे टिकते आणि चालवायलाही सरस असते.

पाऊस पश्चिमेकडे झपाट्याने वाढतो. त्र्यंबकेश्वर–इगतपुरी पट्ट्यात तो नाशिक शहराच्या कित्येक पट पडतो आणि चिकट मातीत चाके रुततात. ओल्या वाटेवर पडलेली चाकोरी पुढे पाण्याला रस्ता देते. ऑक्टोबर ते जानेवारी हा उत्तम काळ. फेब्रुवारीनंतर सागाची रुंद पाने वाटेवर साचून खालचे दगड झाकतात आणि सुटा मुरूम ज्वारीच्या दाण्यांसारखा चाकाखालून सरकतो. हेच दिवस वणव्यांचेही असतात.

राखीव वनात झाडतोड, साफसफाई किंवा खोदकाम करणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. नव्या वाटेला वनविभागाची परवानगी लागते. बोरगड (२००८) आणि अंजनेरी (२०१७) ही संवर्धन राखीव क्षेत्रे आहेत. सेरोपेजिया अंजनेरिका या कंदीलपुष्पाच्या जातीचे प्रथम वर्णन अंजनेरीवरील नमुन्यांवरून झाले. तेथील पठारावर चाके नेऊ नयेत, कारण पावसाळ्यात उगवणाऱ्या कंदवनस्पती मातीच्या पातळ थरात वाढतात. ब्रह्मगिरीच्या परिसरात श्रावणातील तिसऱ्या सोमवारच्या प्रदक्षिणेच्या वेळी वाटा भाविकांनी भरून जातात. एरवीही मोळी घेऊन येणाऱ्या बायका, गुराखी व गुरे यांना आधी वाट द्यावी, आणि आंधळ्या वळणाआधी वेग कमी करून घंटी वाजवावी.