३६४ दिवसांचं गणित : अमेरिकेतला फौजदारी गुन्हा आणि परदेशी माणसाचं स्टेटस

न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये आपल्या फौजदारी कायद्यात वरवर निरर्थक वाटणारी एक दुरुस्ती केली. किरकोळ गुन्ह्यांच्या कमाल शिक्षेतला एक दिवस कापला. एक वर्षाचे झाले ३६४ दिवस. वॉशिंग्टन राज्याने हे २०११ मध्येच केलं होतं, कॅलिफोर्नियात ते २०१५ पासून लागू आहे. तुरुंगात जाणाऱ्या अमेरिकन माणसाला या एका दिवसाने काही फरक पडत नाही. पडतो तो व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर राहणाऱ्याला. देशात आल्यापासून पाच वर्षांच्या आत काही विशिष्ट प्रकारचा गुन्हा केला, तर हद्दपारी ठरवताना केंद्राचा इमिग्रेशन कायदा एवढंच बघतो, की या गुन्ह्याला एक वर्षाची शिक्षा होऊ शकली असती का. प्रत्यक्षात नुसता दंड झाला असला तरी.

हा ‘विशिष्ट प्रकार’ म्हणजे काय, तिथून सगळा गोंधळ सुरू होतो.

शिक्षा झालेल्या परदेशी गुन्हेगारांना देशात येऊ द्यायचं नाही, असं अमेरिकेने १८७५ मध्ये ठरवलं. १८९१ च्या कायद्यात ‘मॉरल टर्पिट्यूड’ हे शब्द आले. आपल्याकडे सरकारी नोकरीच्या नियमांत ‘नैतिक अधःपतन’ म्हणतात, तेच हे. त्याची व्याख्या काँग्रेसने तेव्हा दिली नाही आणि आजही कायद्यात ती नाही. १९५१ मध्ये दारूवरचा कर बुडवण्याच्या कटात दोनदा शिक्षा झालेल्या एका इटालियन माणसाचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारला फसवणं हे अधःपतनच, असं बहुमताने ठरवलं. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी विरोधी निकालपत्रात लिहिलं की ज्याची व्याख्या झालेली नाही आणि होऊही शकत नाही, असा हा निकष आहे. मला ते पटतं. दुकानातली चोरी अधःपतनात मोडते, पण दारू पिऊन गाडी चालवण्याचा साधा गुन्हा बहुधा मोडत नाही. यातलं जास्त घातक काय, ते ज्याने त्याने ठरवावं.

दुसरा धागा १८९३ चा. चिनी मजुरांनी नोंदणीचा दाखला जवळ बाळगलाच पाहिजे आणि नसेल तर गोऱ्या साक्षीदाराकरवी आपली बाजू सिद्ध केली पाहिजे, असा तेव्हा कायदा होता. त्याविरुद्ध फाँग यू टिंग आणि इतर काही जण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि हरले. देशातून घालवणं ही गुन्ह्याची शिक्षा नव्हेच, असं न्यायालय म्हणालं. शिक्षा नाही म्हटल्यावर शिक्षेसोबत येणारी संरक्षणंही नाहीत. सरकारी खर्चाने वकील मिळत नाही, ज्युरी बसत नाही, आणि आज केलेला कायदा वीस वर्षांपूर्वीच्या गुन्ह्याला लावता येतो.

तरी मधला बराच काळ या यंत्रणेत एक माणूस बसलेला होता, तो म्हणजे शिक्षा सुनावणारा न्यायाधीश. १९१७ च्या कायद्याने त्याला अधिकार दिला, की शिक्षा देताना किंवा त्यानंतर ३० दिवसांत ‘याला हद्दपार करू नये’ अशी शिफारस करायची. नावाला शिफारस, पण सरकारवर ती बंधनकारक असे. गंमत म्हणजे याच कायद्याने आशियाचा मोठा पट्टा आखून हिंदुस्थानातल्या बहुतेकांना दारातच अडवलं. आपली माणसं मोठ्या संख्येने अमेरिकेत पोचली ती १९६५ चा कायदा झाल्यावर, आणि पुढच्या पंचवीस वर्षांत ती शिफारसही गेली.

१९८८ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने ‘अ‍ॅग्रव्हेटेड फेलनी’ नावाचा, म्हणजे हद्दपारी ओढवणाऱ्या गंभीर गुन्ह्यांचा वर्ग केला. त्यात तेव्हा खून, अमली पदार्थांची तस्करी आणि शस्त्रांची तस्करी एवढंच होतं. १९९० मध्ये न्यायाधीशाच्या शिफारशीचा अधिकार रद्द झाला. आणि १९९६ मध्ये क्लिंटन यांनी सही केलेल्या दोन कायद्यांनी त्या वर्गाचं पोट फुगवलं. चोरीच्या गुन्ह्यासाठी पूर्वी पाच वर्षांची शिक्षा लागे, आता एका वर्षाची पुरते, ती पूर्ण स्थगित झाली तरी. फसवणुकीची रक्कम दोन लाख डॉलरवरून दहा हजारांवर आली. ‘दोषसिद्धी’चा अर्थही बदलला. आरोपीने गुन्हा कबूल केला आणि न्यायालयाने त्याच्यावर कसलंही बंधन घातलं, की इमिग्रेशनच्या दृष्टीने तो दोषी. वर्षभर नीट वागल्यावर फौजदारी न्यायालयाने खटलाच काढून टाकला, तरी तो दोषीच.

इथे नेहमी घडणारा प्रसंग सांगतो. न्यू जर्सीत एमएस करणारा मुलगा सेल्फ-चेकआउटवर दहा वस्तूंपैकी सात स्कॅन करतो. बाहेर पडताना अडवतात, पोलीस येतात, हातात समन्स पडतं. माल दोनशे डॉलरच्या आतला, म्हणजे दुकानातल्या चोरीच्या तिथल्या कायद्यात सर्वांत खालच्या पायरीचा गुन्हा. ‘कबूल कर, दंड भर, काही वर्षांनी रेकॉर्ड पुसून घे,’ असं रूममेट सांगतो. अमेरिकन रूममेटसाठी हा सल्ला ठीक आहे. हा मुलगा मात्र पुढे कधी पासपोर्टवर नव्या व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी मुंबईत बीकेसीतल्या अमेरिकन वकिलातीत जाईल, तेव्हा डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात ‘कधी अटक किंवा शिक्षा झाली आहे का’ असा प्रश्न असेल, आणि माफी वगैरे मिळालेली असली तरी सांगा, असंही तिथेच लिहिलेलं असेल. एकाच किरकोळ गुन्ह्याला कायद्यात सवलत आहे. कमाल शिक्षा एक वर्षाहून जास्त नको आणि दिलेली सहा महिन्यांहून जास्त नको. दुसऱ्यांदा सापडला तर ती सवलत संपली.

असा सल्ला चुकला तर जबाबदार कोण, याचं उत्तर ३१ मार्च २०१० ला मिळालं. होंडुरासमध्ये जन्मलेले होजे पडिया चाळीस वर्षं कायदेशीर राहिलेले, व्हिएतनाम युद्धात अमेरिकेसाठी लढलेले. केंटकीत त्यांच्या ट्रकमध्ये गांजा सापडला. इतकी वर्षं इथे आहात, स्टेटसची काळजी नको, असं वकिलाने सांगितलं, म्हणून त्यांनी गुन्हा कबूल केला. हद्दपारी जवळपास अटळ होती. सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असेल तर अशिलाला तो सांगणं हे फौजदारी वकिलाचं घटनात्मक कर्तव्य आहे. निकालपत्रात न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी १९१७ ते १९९० चा तो न्यायाधीशाचा अधिकार मुद्दाम आठवून दिला. तो गेल्यानंतर, निवाडा होण्याआधी माणसाला सावध करणारा उरला तो वकीलच.

हे सगळं दोषसिद्धीबद्दल झालं. अलीकडे नुसती अटकही पुरते. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल गेल्या पाच वर्षांत अटक झाली असेल, तर खटल्याची वाट न पाहता वकिलात व्हिसा रद्द करू शकते, असं धोरण नोव्हेंबर २०१५ पासून आहे. देशात राहण्याचं स्टेटस त्याने लगेच जात नाही. पण बहिणीच्या लग्नाला पुण्याला आलेला माणूस नवा व्हिसा मिळेपर्यंत परत जाऊ शकत नाही. २९ जानेवारी २०२५ ला सही झालेला लेकन रायली कायदा आणखी पुढे जातो. रीतसर प्रवेश किंवा वैध कागद नसलेल्या परदेशी माणसाला चोरीच्या नुसत्या आरोपावरून कोठडीत ठेवणं त्याने बंधनकारक केलं. त्याच वर्षीच्या वसंतात विदेशी विद्यार्थ्यांची नावं पोलिसांच्या गुन्हे-नोंदींशी ताडून हजारो जणांच्या ‘सेविस’ नोंदी, म्हणजे विदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतल्या नोंदी, बंद केल्या गेल्या. त्यात खटले फेटाळले गेलेलेही होते आणि वाहतुकीच्या चुकीचा दंड भरलेलेही. मुलं कोर्टात गेली, ठिकठिकाणच्या न्यायाधीशांनी तात्पुरते मनाई हुकूम दिले, आणि एप्रिलअखेर सरकारने त्या नोंदी पुन्हा सुरू करतो असं सांगितलं.