भेगाळलेल्या गाळातली अंडी

हंगामी तळे आटले, की लोकांच्या लेखी ते संपते. ती जागा पडीक ठरते, आणि मग तळे खोल करून बारमाही करावे, अशी सूचना हमखास पुढे येते. पुढच्या पावसात त्याच जागी काही दिवसांतच झिंग्यासारखे जीव वळवळू लागले, की ते आभाळातून पडले असे सांगणारेही भेटतात. प्रत्यक्षात ते तिथल्या गाळातच असतात.

खाऱ्या तळ्यांतल्या आर्टेमिया या झिंग्यासारख्या जीवाचे सुप्त अंडे जेमतेम पाव मिलिमीटरचे असते. सूक्ष्मदर्शकाखाली कोरडे अंडे हवा गेलेल्या चेंडूसारखे एका बाजूने चेपलेले दिसते; थेंबभर पाणी मिळाले, की काही तासांत तो खळगा भरून येतो आणि परिस्थिती अनुकूल असेल तर एक-दोन दिवसांत आतला डिंभक, म्हणजे पिल्लू, बाहेर पडतो. खरे तर त्याला अंडे म्हणणेही तितकेसे अचूक नाही, कारण कवचाच्या आत सुमारे ४,००० पेशींचा, वाढ थांबलेला गर्भ असतो.

पेशीतील प्रथिनांची घडी आणि पेशीपटलांची रचना भोवतालच्या पाण्याच्या रेणूंच्या आधाराने टिकते. तो आधार गेला, की प्रथिने एकमेकांना चिकटतात आणि पटले फाटतात. हा गर्भ मात्र ट्रेहॅलोज ही ग्लुकोजच्या दोन रेणूंची साखर आधीच साठवून ठेवतो, इतकी की कोरड्या वजनात तिचा वाटा सुमारे १५ टक्के भरतो. पाणी निघून जाताना या साखरेचे हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) प्रथिनांशी हायड्रोजन बंध जोडून पाण्याची जागा घेतात, आणि उरलेला द्रव स्फटिक न बनता काचेसारखा गोठतो, त्यामुळे रेणूंची हालचाल जवळजवळ थांबते. १९७२ मध्ये अशी अंडी अपोलो-१६ मधून चंद्राच्या कक्षेपर्यंत जाऊन आली. तरीही त्यांना ‘अमर’ म्हणणे ही जाहिरातीची भाषा झाली. साठवणीत वर्षे सरतात तशी त्यांची फुटण्याची क्षमता घटत जाते.

शिवाय सगळी अंडी एकाच पाण्याला फुटत नाहीत. पहिली सर फसवी निघून तळे आठवड्यात आटले, तरी गाळात राखीव साठा उरतो.

ऑस्ट्रेलियातील आयर सरोवर सुमारे ९,५०० चौरस किलोमीटरचे असून शतकात मोजक्याच वेळा पूर्ण भरते. दूरवरच्या क्वीन्सलँडमधील पावसाचे पाणी डायमँटिना आणि कूपर या प्रवाहांतून तिथे पोचते. मग आर्टेमियाचे चुलतभाऊ लाखोंनी जन्मतात, आणि त्यांच्यावर पोसली जाणारी पट्टेरी शेकाट्या या पाणपक्ष्यांची पिल्ले बेटांवर वाढतात. नदीबरोबर आलेल्या माशांवर पाणकावळे आणि पेलिकन जगतात. पुढे क्षार वाढला की मासे मरतात.

गोड्या पाण्याच्या हंगामी तळ्यांतही या जीवांचे नातलग असतात. माशांपासून बचावाचे कोणतेही साधन त्यांच्यापाशी नाही. दर उन्हाळ्यात तळे आटते आणि मासे टिकत नाहीत, एवढ्यावरच त्यांचे निभावते. ते तळे बारमाही केले, की मासे राहतात आणि गाळातून निघणारी प्रत्येक पिढी अंडी घालण्याआधीच खाल्ली जाते.