हँग ग्लायडिंग : सुरक्षा व आपत्कालीन साधने

हँग ग्लायडरला इंजिन नसते. वैमानिक हार्नेसमध्ये (अंगाभोवतीच्या पट्ट्यांच्या झोळीत) पालथा लोंबकळत आपले वजन सरकवून तो वळवतो. हार्नेस ग्लायडरला जोडला जातो तो एका कॅराबिनरने, म्हणजे उघडमीट होणाऱ्या धातूच्या कडीने. तो न अडकवताच उतारावरून धावत सुटणे हा या खेळातला सर्वांत जुना जीवघेणा प्रमाद असून अनुभवी वैमानिकही त्याला अपवाद नाहीत. वाऱ्याची वाट पाहताना कोणी हार्नेस सोडतो, मध्येच दुसरे काम निघते आणि ‘तपासणी झाली आहे’ एवढेच मनात राहते.

यावरचा रूढ उपाय म्हणजे ‘हँग चेक’. मदतनीस ग्लायडरचे नाक धरतो आणि वैमानिक हार्नेसमध्ये पूर्ण भार टाकून पाहतो. पण ही तपासणी उड्डाणाच्या काही मिनिटे आधीची असते. म्हणून धाव घेण्याच्या क्षणी ग्लायडर उचलून पट्ट्यांचा ताण अंगाला जाणवतो का, हे पाहणे अधिक भरवशाचे. हार्नेस आधी ग्लायडरला जोडून मग त्यात शिरण्याची पद्धतही आहे. मात्र पायांचे पट्टे घालायचे राहण्याचा धोका तिच्यातही उरतो.

ग्लायडर हवेत उलटला किंवा मोडला, तर आधार राखीव पॅराशूटचा. ते हार्नेसवरच्या कप्प्यात असते आणि हाताने फेकावे लागते: मूठ नजरेने शोधायची, ओढायची आणि मोकळ्या हवेकडे जोरात भिरकवायची. ते उघडले तरी ग्लायडर सोडून द्यायचा नसतो; दोघे एकत्रच खाली येतात. शक्य असल्यास वैमानिक सांगाड्यात वर चढतो, म्हणजे पहिला आघात नळ्या झेलतात. उघडायला उंची मात्र लागतेच. ग्लायडर-उड्डाणाचे जर्मन प्रवर्तक ओटो लिलिएन्टाल १८९६ मध्ये सुमारे १५ मी. वरून कोसळून मरण पावले. इतक्या कमी उंचीवर आजचे पॅराशूटही बहुधा उपयोगी पडले नसते. वापराविना पडून राहिलेल्या पॅराशूटची रबरे जुनी होतात, कापडाचे थर चिकटतात. त्यामुळे उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत ते उघडून नव्याने घडी घालणे आवश्यक असते.

हेल्मेट अर्थातच अनिवार्य. नियंत्रण-दांडीवरची चाके उतरताना नाक जमिनीत घुसण्याचा धोका कमी करतात. दिसायला बरी नाहीत म्हणून ती काढणाऱ्यांचे कारण पटण्याजोगे नाही.

जमिनीवर आल्यावर वाऱ्याने भरलेले पॅराशूट वैमानिकाला फरफटत नेऊ शकते. तेव्हा दोर कापायला आकडीसारख्या वाकड्या पात्याचा चाकू हाताशी असावा लागतो. पाण्यात उतरावे लागल्यास शीड (ग्लायडरच्या पंखाचे कापड) अंगावर येऊन माणूस खाली अडकतो. तिथेही हाच चाकू उपयोगी. झाडात अडकणाऱ्यांसाठी एक मजेशीर पण खरी युक्ती म्हणजे दात साफ करायच्या दोऱ्याची डबी: वजन बांधून दोरा खाली सोडायचा आणि त्याने मदतनीसांचा जाड दोर वर ओढून घ्यायचा. दुर्गम भागात रेडिओबरोबर ४०६ मेगाहर्ट्‌झवर उपग्रहाला संकटसंदेश देणारा बीकन नेतात. तो ग्लायडरला न बांधता अंगावरच ठेवतात.