धर्मग्रामातले सेवागट आले कुठून?

आजाऱ्याला घरी ख्रिस्तप्रसाद (उपासनेतली पवित्र भाकर) नेऊन देणारे, एकट्या वृद्धांची विचारपूस करणारे, गरजूंना शिधा पोहोचवणारे, तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटणारे गट आज असंख्य कॅथलिक धर्मग्रामांत (एका चर्चभोवतीच्या वस्तीत, म्हणजे पॅरिशमध्ये) दिसतात. यांत राबणारी माणसं बहुतेक प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू किंवा संन्यस्त नसलेली, आणि बिनपगारी. दयाबुद्धीने करतात, एवढं म्हणून विषय संपवता येईल. पण मागे जाऊन पाहिलं तर दयेचा तुटवडा फारसा कधी नव्हताच. घोडं अडायचं ते व्यवस्थेपाशी.

सुरुवातच तक्रारीने होते. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायात, कुरकुर सुरू झालेली दिसते: रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातंय. त्यावर प्रेषितांनी हे काम पाहायला सात माणसं नेमून घेतली. स्तेफन त्यांतलाच. डीकनपदाचं (धर्मगुरूच्या खालच्या सेवकपदाचं) मूळ परंपरेने इथेच मानलं जातं. पुढे इ.स. 155च्या सुमारास जस्टिन हा ख्रिस्ती लेखक लिहितो, की रविवारच्या उपासनेत ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे दिलेली रक्कम मंडळीच्या प्रमुखाकडे जमा होते आणि तो त्यातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परगावाहून आलेल्यांची सोय पाहतो. 251 साली तर रोमचा बिशप कॉर्नेलियस सांगतो, की त्याची मंडळी दीड हजारांहून अधिक विधवा आणि गरजूंना पोसते. इतका नेमका आकडा सांगायचा तर नोंदी ठेवाव्याच लागल्या असणार.

नंतरच्या शतकांत हे काम मोठं होत गेलं आणि बरंचसं बिशप, मठ, रुग्णालयं यांच्याकडे सरकलं. प्रापंचिकांचे बंधुसंघ मात्र चालू राहिले. फ्लॉरेन्सचा तेराव्या शतकातला ‘मिझेरिकॉर्दिया’ आजही रुग्णवाहिका चालवतो.

आजच्या सेवागटाशी थेट नातं सांगणारी घटना 1617 सालची, फ्रान्समधल्या शातियों गावची. तिथले धर्मगुरू व्हिन्सेंट डी पॉल यांना एका रविवारी मिस्साआधी (चर्चमधल्या मुख्य उपासनेआधी) कळलं, की गावाबाहेर एक अख्खं कुटुंब आजारी पडलंय आणि शुश्रूषेला कुणीच नाही. त्यांनी प्रवचनात ते सांगितलं. दुपारी स्वतः निघाले, तर वाटेवर माणसांची रीघ लागलेली. घरात अन्नाचा एवढा ढीग, की पुष्कळसं नासणार हे उघड होतं. आज ढीग, उद्या कोण देणार? काही दिवसांतच त्यांनी गावातल्या बायकांना एकत्र करून आळीपाळीने एकेक दिवस जबाबदारी घ्यायला सांगितलं आणि वर्ष संपायच्या आत संघाची नियमावलीही आली.

ती नियमावली वाचण्यासारखी आहे. आजाऱ्यापुढे जेवण कसं मांडायचं, कापड कुठे अंथरायचं, इथपर्यंत सूचना आहेत. शिवाय एक बारकावा: ज्यांच्याजवळ कुणीतरी आहे त्यांच्यापासून फेरी सुरू करा, अगदी एकटे असतील त्यांच्याकडे शेवटी जा, म्हणजे तिथे जास्त वेळ बसता येईल. चारशे वर्षांपूर्वी एकटेपणा ही गरज म्हणून कुणीतरी कागदावर मांडली होती!

ही पद्धत पॅरिसला गेली तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. खानदानी बायका स्वतः जायच्याऐवजी नोकरांना धाडू लागल्या. त्यातूनच 1633 मध्ये लुईझ द मारियाक यांच्या साथीने खेड्यातल्या मुलींचा ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ हा संघ उभा राहिला.

त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, 1833 मध्ये, पॅरिसमध्येच वीस वर्षांच्या फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याला चर्चेत एकाने डिवचलं: तुमचं चर्च आज गरिबांसाठी काय करतंय? ओझानाम आणि त्याचे मित्र सिस्टर रोझाली रेंद्यू यांच्या मार्गदर्शनाखाली गरीब वस्तीत घरोघर जाऊ लागले. हीच संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी. धर्मग्रामाला जोडलेला छोटा गट, दोघांनी मिळून घरी जाणं, बैठकीत कुणी किती टाकले हे कळू नये अशी गुप्त वर्गणी: हा साचा जगभर पसरला.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या बिशपांच्या सभेने, 1965 मध्ये प्रापंचिकांच्या कार्यावर स्वतंत्र आदेशपत्रच काढलं. धर्मगुरूंना मदत म्हणून हे काम करायचं, ही धारणा मागे पडली. बाप्तिस्म्यानेच ते प्रत्येकाकडे येतं, असं परिषदेने ठामपणे मांडलं. 1973 पासून प्रापंचिकांना आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद नेण्याची वाट खुली झाली. 1983च्या कॅनन कायद्याचं (चर्चच्या अंतर्गत कायद्याचं) 529वं कलम तर धर्मगुरूला बजावतं, की गरीब, दुःखी, एकाकी आणि देशोधडीला लागलेल्यांना विशेष काळजीने शोधा. ते चर्चच्या दाराशी येतील म्हणून वाट पाहत बसू नका, असाच याचा अर्थ. एकट्या धर्मगुरूला हे झेपणारं नाही, हे वेगळं सांगायला नको.

यातलं सगळ्यात अलीकडचं पान मात्र अस्वस्थ करणारं आहे. लैंगिक शोषणाची प्रकरणं उघडकीस आल्यावर 2002 मध्ये अमेरिकेच्या बिशपांनी मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या स्वयंसेवकांचीही पूर्वपडताळणी सक्तीची केली. 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी काढलेल्या नियमांत मुलांबरोबरच दुर्बल प्रौढही आले. काही जुन्या स्वयंसेवकांना हे फॉर्म आणि प्रशिक्षण म्हणजे अविश्वास वाटतो. त्यांचा राग समजतो, पण पटत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आलेल्या पाहुण्याला परत पाठवता येत नाही, त्यामुळे पाहुणा कोण आहे याची खात्री पाठवणाऱ्यानेच करायला हवी. दोघांनी मिळून जायची ओझानामच्या काळची पद्धत आता अनेक ठिकाणी याच कारणाने नियम झाली आहे.