कापूर हुंगल्याने बुमलाला ऑक्सिजन मिळत नाही

अरुणाचल प्रदेशातल्या तवांगला निघालेल्या प्रत्येक गाडीत भीमसेनी कापराची पुरचुंडी असतेच. ‘विरळ हवेत कापूर हुंगा, ऑक्सिजन वाढतो’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

उंचावरही हवेत ऑक्सिजन 21 टक्केच असतो. घटतो तो हवेचा दाब. तवांगच्या पुढची बुमला खिंड सुमारे 15,200 फुटांवर आहे. तिथला दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत जेमतेम 57 टक्के, त्यामुळे दर श्वासाला ऑक्सिजन कमी पडतो. कापूर नाकातल्या थंडावा जाणवणाऱ्या नसा चेतवतो आणि नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, इतकंच. रक्तातला ऑक्सिजन तेवढाच राहतो. ऑक्सिमीटर लावून बघा (बोट आधी चोळून गरम करा, गार बोटावर आकडा चुकतो). कापराची वडी गिळणं तर विषारी. मुलांच्या हाती देऊच नका.

खरा उपाय मुक्कामांत आहे. एक रात्र दिरांगला, सुमारे 4,900 फुटांवर. मग सेला खिंड ओलांडून तवांग, सुमारे 10,000 फूट. तिथे एक अख्खा दिवस गावातच, मठ बघत काढा. बुमला आणि वाटेवरचं माधुरी सरोवर त्यानंतर. घाईच्या सहलींत नेमका हाच दिवस कापला जातो. अ‍ॅसिटाझोलामाइड, म्हणजे उंचीचा त्रास टाळण्यासाठीची गोळी, डॉक्टरांना विचारूनच. सल्फा गटातल्या औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा.

डोकेदुखीसोबत उलटी झाली, चालताना तोल गेला, बसल्याजागी धाप लागली, तर थांबू नका. गाडी वळवून लगेच खाली उतरा.