लावदिकीयाचं कोमट पाणी

‘पाहा, मी दाराशी उभा आहे’ हे येशूचं वचन आपल्याकडे कितीतरी ख्रिस्ती घरांत भिंतीवर टांगलेलं असतं. ज्याने अजून विश्वास ठेवलेला नाही त्याला दिलेली ती हाक, असंच बहुतेक जण समजतात. बायबलमधल्या प्रकटीकरणाचा तिसरा अध्याय उघडला की कळतं, हाक मंडळीलाच, म्हणजे विश्वास ठेवणाऱ्यांनाच आहे. लावदिकीया शहरातल्या मंडळीला, जिला तो आधी ‘तू उष्ण नाहीस, शीत नाहीस, कोमट आहेस’ असं सुनावतो.

पहिल्या शतकाच्या अखेरीस पात्म बेटावरून योहानाने रोमच्या आसिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या, सात मंडळ्यांना हे निरोप पाठवले. नावांचा क्रमही रस्त्याचाच: इफिसहून उत्तरेला स्मुर्णा, पर्गम, मग आत वळून थुवतीरा, सार्दीस, फिलदेल्फिया, शेवटी लावदिकीया.

एका मंडळीला सांगितलं ते सगळ्यांनाच सांगितलं, असं तिसऱ्या शतकातला भाष्यकार विक्टोरिनस म्हणे. पुढे या सात मंडळ्या म्हणजे ख्रिस्ती इतिहासाचे सात कालखंड, अशी मांडणी रुजली. 1909 च्या स्कोफील्ड बायबलच्या टिपांमधून ती घरोघरी गेली. या वाचनात लावदिकीया बहुधा दुसऱ्यांच्या वाट्याला येते. सतराव्या शतकाच्या आरंभी थॉमस ब्राइटमन या इंग्लिश धर्मोपदेशकाने मात्र ती आपल्याच इंग्लंडच्या चर्चमध्ये पाहिली. त्याची कालगणना मला पटत नाही, पण हा प्रांजळपणा फार मोलाचा वाटतो.

कालखंडांच्या नादात गावं हरवली होती. आशिया मायनर पालथा घातलेल्या पुरातत्त्वज्ञ विल्यम रॅम्झी यांनी 1904 साली ती परत आणली. लावदिकीया सावकारीचं, काळ्या लोकरीचं श्रीमंत शहर. इ.स. 60 च्या भूकंपात ते कोसळलं, तेव्हा रोमची मदत न घेता स्वतःच्या बळावर उभं राहिलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटस नोंदवतो. ‘मला काही उणे नाही’ ही त्या मंडळीची भाषा कुठून आली ते इथे कळतं.

पाण्याची मात्र तिथे अडचण. समोर हिरापलीला वाफाळते झरे, पलीकडे कलस्सैला गार पाणी. लावदिकीयाचं पाणी दुरून नळाने यायचं. दगडात भोक पाडून केलेले ते नळ आजही तिथे पडलेले दिसतात, आत चुन्याची जाड पुटं चढलेली. ‘उष्ण’ म्हणजे उत्साही आणि ‘शीत’ म्हणजे अविश्वासी, असं आपण प्रवचनांत ऐकत आलो. 1957 साली दोन अभ्यासकांनी दाखवलं की ऊन पाणी दुखरं अंग शेकायला, गार पाणी तहानेला, दोन्ही कामाचं. कोमट कशालाच नाही. मेजवानीत पेयं गरम किंवा गार करून देत, त्यावरून हा दाखला आला असावा, असंही काही जण म्हणतात. दोन्ही अर्थांनी ‘शीत’ ही शिवी उरत नाही, आणि मला तेच बरोबर वाटतं.

तुला तोंडातून ओकून टाकीन, असं सोळाव्या वचनात म्हणणारा विसाव्या वचनात त्याच मंडळीच्या दाराशी उभा आहे. दार उघडलं तर आत येऊन तिच्याबरोबर जेवणार आहे.